खाटा वाढतात, रुग्णालय वाढते का?

शंभर खाटांच्या रुग्णालयाशेजारी आणखी शंभर खाटांची इमारत उभी केली की दोनशे खाटांचे रुग्णालय तयार होते, असे सगळेच धरून चालतात. भूमिपूजनाच्या फलकावर हाच आकडा असतो, विधिमंडळातल्या लेखी उत्तरात हाच असतो आणि उद्घाटनाच्या बातमीचा मथळाही याचाच होतो. आकडा खोटा नसतो, पण तो भलत्याच वस्तूचा असतो. खाट ही रुग्णालयातली सर्वांत सहज विकत मिळणारी वस्तू. तिच्या उशाशी येणारा ऑक्सिजन, तिच्यावरच्या रुग्णाचे रक्त तपासणारी प्रयोगशाळा, त्याला ओटीपर्यंत नेणारी लिफ्ट, त्याच्या चादरी धुणारी लाँड्री, रात्री वीज गेली तर सुरू होणारा जनरेटर आणि त्याच्याकडे लक्ष ठेवणारी सिस्टर या सगळ्यांची कुवत जुन्या शंभर खाटांच्या मापाने ठरलेली असते आणि बहुतेक वेळा तेवढीच राहते. विस्तार साधला की फसला हे पाहायचे तर दोन जागा तपासाव्या लागतात: नवे जुन्याला जिथे मिळते तो जोड, आणि पुढच्या वाढीसाठी मोकळी ठेवलेली जागा. या दोन्ही गोष्टी फीत कापायला आलेल्या पाहुण्यांना दाखवण्यासारख्या नसतात. म्हणूनच खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री त्यांच्यावर चालते.

आधी खाटांचाच हिशेब मांडू. एखाद्या रुग्णालयात रोज सरासरी २० रुग्ण दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी ६ दिवस राहतो, तर तिथे कायम १२० खाटा भरलेल्या असतात. हाच मुक्काम ५ दिवसांवर आला तर १०० खाटा पुरतात. म्हणजे एक वीटही न रचता २० खाटा मोकळ्या होतात. उलट बाजूने पाहिले तर खाटा वाढवल्या पण शस्त्रक्रियागृहे तेवढीच ठेवली, सीटी स्कॅन एकच ठेवला, की रुग्ण तारखेची वाट पाहत पडून राहतो, मुक्काम लांबतो आणि वाढवलेली खाट उपचाराची न राहता थांब्याची होते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संगणकावरील नमुन्याच्या आधारे दाखवले की खाटा सरासरी ८५ टक्क्यांहून अधिक भरलेल्या राहू लागल्या की तातडीच्या रुग्णाला जागा न मिळण्याचा धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांपुढे तर खाटांची टंचाई नेहमीचीच होते. याचा अर्थ काही खाटा रिकाम्या असणे हा ढिसाळपणा नसून रुग्णालय चालण्याची अटच आहे. अमेरिकेत मिल्टन रोमर यांनी १९६० च्या सुमारास आणखी एक निरीक्षण मांडले: विम्याचे संरक्षण असलेल्या समाजात खाट बांधली की ती भरतेच. आपल्या सरकारी रुग्णालयांत गाद्या जमिनीवर घातल्या जातात, तेव्हा खाटांची गरज खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ती गरज नेमकी कुठे अडली आहे, ओटीत, तपासणीत की डिस्चार्जच्या कागदांत, हे न शोधता खाटा वाढवल्या तर कोंडी जिथल्या तिथे राहते आणि फक्त रांग लांबते.

जोडाचे महत्त्व महाराष्ट्राला २०२१ मध्ये ऑक्सिजनने शिकवले. साध्या वॉर्डात मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन घेणारे मोजके रुग्ण असतील, असे गृहीत धरून नळ्यांचा व्यास ठरवलेला असतो. कोविडच्या लाटेत त्याच वॉर्डातली प्रत्येक खाट ऑक्सिजनची झाली आणि नाकावाटे जोरकस प्रवाह देणारी यंत्रे तर एका रुग्णासाठी मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढू लागली. या वेगाने सुमारे ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासही पुरत नाही. टाकी मोठी आणली की प्रश्न सुटला, असे तेव्हा अनेकांना वाटले. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर साठवतात आणि त्याच्या एका लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू होतो, तेव्हा साठ्याच्या दृष्टीने टाकी हे उत्तर बरोबरच होते. पण नळीतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की वाटेत होणारी दाबाची घट जवळपास चौपट होते. जुन्या बारीक नळीला नवा मजला जोडला, तर सोसायटीत सगळे नळ एकदम उघडल्यावर वरच्या मजल्याची धार तुटते, तसे शेवटच्या खाटेचे होते. फरक इतकाच की इथे धार श्वासाची असते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. एकाच वाहिनीवर किती जीव टांगलेले असतात आणि दुसरा स्वतंत्र स्रोत तत्काळ जोडता येणे म्हणजे काय, हे त्या दिवशी राज्याला कळले. ही दुसरी वाहिनी नकाशात असते तेव्हा ती फाजील खर्चासारखी दिसते.

नवी नळी जुन्या नळीला जोडणे हे काम किती नाजूक असते, याचे एक भयंकर उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम रुग्णालयात २०१५ मध्ये ऑक्सिजनचे म्हणून बसवलेले एक आउटलेट प्रत्यक्षात नायट्रस ऑक्साइडच्या नळीला जोडले गेले होते. २०१६ मध्ये त्याच आउटलेटवरून नवजात बालकांना प्राणवायू समजून भूल देणारा वायू दिला गेला. एक बाळ गेले, दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. डॉक्टर तेच, उपकरण तेच, भिंतीवरची पाटीही बरोबर. चूक भिंतीच्या आत होती. जोडणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक आउटलेटमधून नेमका कोणता वायू येतो हे यंत्राने मोजून, त्यावर वैद्यकीय आणि तांत्रिक अशा दोघांनी सही करणे ही अर्ध्या दिवसाची तपासणी आहे. कंत्राटात तिच्यासाठी वेगळी ओळ नसेल तर ती घाईत उरकली जाते.

दिसणारे जोडही काही कमी त्रासाचे नसतात. आपल्याकडच्या ब्रिटिशकालीन दगडी इमारतींचे मजले उंच असतात, तर नव्या काँक्रीटच्या इमारतीत खर्च वाचवायला मजल्याची उंची कमी धरली जाते. जुना मजला ४.८ मीटर आणि नवा ४ मीटर असेल तर पहिल्या मजल्यावर ८० सेंटिमीटरचा आणि दुसऱ्यावर १.६ मीटरचा फरक पडतो. ट्रॉली ढकलण्याजोगा उतार एकास बारा धरला तर पहिल्या मजल्यावर साडेनऊ मीटरहून लांब आणि दुसऱ्यावर एकोणीस मीटरहून लांब रॅम्प लागतो. एवढी जागा कोणाकडेच नसते. मग रॅम्प चढा होतो किंवा पायऱ्या येतात, आणि रुग्ण एका लिफ्टने तळमजल्यावर उतरून, अंगण ओलांडून, दुसऱ्या लिफ्टने वर जातो. पावसाळ्यात त्या अंगणावर ताडपत्री लागते. नव्या ओटीत दिव्यांपासून यंत्रांपर्यंत सगळे उत्तम असले तरी आयसीयू जुन्या इमारतीत असेल, तर ही वाट त्या ओटीची गुणवत्ता ठरवते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत प्रश्न आणखी खोल जातो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुनी इमारत दशकानुदशके तिच्यासोबत बसून स्थिरावलेली असते, नवी अजून बसायची असते. दोन्ही एकमेकींना घट्ट बांधल्या तर भिंती तडकणारच. म्हणून मध्ये मोकळी फट सोडावी लागते, तिच्यावरून ट्रॉलीची चाके सहज जातील आणि तिच्यातून पाणी झिरपणार नाही अशी पट्टी बसवावी लागते, आणि त्या फटीतून जाणाऱ्या प्रत्येक नळीला थोडी हालचाल करता येईल असे वळण द्यावे लागते.

भूकंपात हीच फट जगण्या-मरण्याचा प्रश्न होते. कॅलिफोर्नियातले ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय ९ फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपाच्या वेळी अगदी नवे होते. मुख्य इमारतीला लागून उभे केलेले जिन्यांचे मनोरे बाहेरच्या बाजूला कोसळले आणि इमारत निकामी झाली. या धड्यानंतर राज्याने १९७३ मध्ये रुग्णालयांसाठी वेगळा भूकंप-कायदा केला आणि ऑलिव्ह व्ह्यू नव्याने, अतिशय दणकट बांधले गेले. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात त्या नव्या इमारतीचा सांगाडा शाबूत राहिला, पण छतातल्या पाण्याच्या नळ्या फुटल्या, मजल्यांवर पाणी साचले आणि रुग्णांना बाहेर काढावे लागले. काँक्रीट आणि पोलाद शंभर नंबरी निघाले, हार नळ्यांच्या सांध्यांनी पत्करली. आपल्याकडे २००१ च्या भूकंपात भूजचे सरकारी रुग्णालय नेमके गरज असताना ढासळले. त्याच्या जागी उभारलेली इमारत शिसे आणि रबराच्या आधारांवर बसवली आहे, त्यामुळे खालची जमीन हलली तरी वरची इमारत तिच्यासोबत तेवढी हिसकत नाही. अशा इमारतीला पुढे कोणी साधी इमारत घट्ट चिकटवली तर त्या आधारांचा उपयोगच संपेल, ही बाब विस्ताराचा नकाशा काढणाऱ्याने आधी लक्षात घ्यायची असते.

आगीबाबत विस्ताराचे आणखी एक लपलेले नुकसान आहे. रुग्णालयातले लोक जिन्याने पळू शकत नाहीत. म्हणून जगभर मान्य झालेली पद्धत अशी की मजल्याचे दोन-तीन भाग करायचे, मध्ये आग आणि धूर अडवणारी दारे ठेवायची आणि पेटलेल्या भागातले रुग्ण खाटेसकट शेजारच्या भागात ढकलायचे. नवी इमारत नीट जोडली तर ती जुन्या वॉर्डासाठी अशीच आसऱ्याची जागा होऊ शकते, आणि विस्ताराचा हा मोठा फायदा सहसा कोणी मोजत नाही. वाईट जोडली तर तीच धुराचे धुराडे बनते. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात तळघरात आग लागली. तळघरात ज्वलनशील सामान साठवलेले होते आणि सुमारे नव्वद माणसे प्रामुख्याने धुराने गुदमरून गेली. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याही नव्हत्या. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात लागलेल्या आगीने दहा बाळे नेली. सतरांपैकी सातच वाचवता आली. अशा घटनांनंतर फायर ऑडिटचे आदेश निघतात, सिलिंडर बदलले जातात. पण जुन्या इमारतीच्या मागच्या अंगणात नवा विभाग बांधला तेव्हा बंब फिरण्याची वाट बुजली का, जुन्या वॉर्डाचे मागचे दार नव्या स्टोअररूममध्ये उघडू लागले का, हे प्रश्न ऑडिटच्या ठरीव रकान्यांत बसत नाहीत.

अंगण बुजण्याचा दुसरा परिणाम रोजचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात वॉर्डांच्या स्वतंत्र इमारतींमध्ये त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवे असा आग्रह धरला होता, कारण त्यांना मोकळी हवा आणि उजेड उपचाराचाच भाग वाटत. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते आणि त्यांची काही कारणमीमांसा पुढे टिकली नाही, पण अंतराचा आग्रह टिकण्याजोगा आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या त्यांनी जोड्या लावल्या. अर्ध्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, अर्ध्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ४६ हा आकडा लहान आहे आणि त्यावरून मोठे सिद्धांत मांडणाऱ्यांनी जपून बोलावे. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटू नये: त्या अभ्यासातली विटांची भिंत म्हणजे अनेक विस्तारांमध्ये जुन्या वॉर्डाच्या खिडकीसमोर येणारी वस्तू. वर जिथे वारा खेळायचा तिथे एक्झॉस्ट पंखा लागतो आणि नैसर्गिक हवेवर चालणारा वॉर्ड कायमचा विजेवर जातो. नव्या शंभर खाटांच्या जमाखर्चात जुन्या शंभर खाटांचे हे नुकसान कोणी लिहीत नाही.

बांधकाम चालू असतानाचा काळही रुग्णांच्या आयुष्यातलाच असतो. जुनी भिंत फोडली, छताचा गिलावा काढला की ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत उधळतात. आकाराने ते दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे फुप्फुसात खोल शिरण्याजोगे. निरोगी माणसाला त्यांचे काही होत नाही. पण केमोथेरपी चाललेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला त्यांचा संसर्ग जीवघेणा ठरतो, आणि रुग्णालयांतल्या बांधकामाशी जोडलेल्या अशा साथी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या आपल्या भिंतींमध्ये बुरशीला तोटा नाही. यावरचा उपाय हिरव्या जाळीचा पडदा हा नव्हे. कामाची जागा हवाबंद फळ्यांनी वेगळी करायची, आतली हवा यंत्राने बाहेर ओढून तिथला दाब कमी ठेवायचा म्हणजे धूळ वॉर्डाकडे येत नाही, राडारोडा झाकलेल्या वाटेने उतरवायचा, आणि नाजूक रुग्णांचा कक्ष काम सुरू होण्याआधीच दूर हलवायचा. पाण्याच्या नळ्यांचे तसेच आहे: जोडकामात एखादा फाटा बंद करून तसाच सोडला तर त्यात साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो. आणि कामाचा क्रम? आधी पर्यायी जागा, मग स्थलांतर, मग पाडकाम. हा क्रम उलटला की एक वॉर्ड व्हरांड्यात येतो आणि काम रखडले तर तो तिथेच वर्षे काढतो. चालत्या रुग्णालयातले काम म्हणून वेगळी, जास्त रक्कम लागते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्या व्यवस्थेत ही रक्कम निविदेतच स्वतंत्रपणे बांधून ठेवली नाही, तर प्रामाणिक कंत्राटदार हरतो आणि धूळ जिंकते.

आता मोकळ्या जागेचा मुद्दा. लंडनजवळ हॅरो इथल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाची आखणी १९६० च्या दशकात जॉन वीक्स आणि रिचर्ड लेवेलिन-डेव्हिस यांच्या कार्यालयाने केली. ते १९७० मध्ये सुरू झाले. वीक्स यांचा विचार सरळ होता. रुग्णालयाचे विभाग वेगवेगळ्या वेगाने वाढतात आणि कोणता किती वाढेल हे कोणालाही आधी सांगता येत नाही. तेव्हा इमारत पूर्ण करण्याचा हट्टच सोडा. त्यांनी एक लांब अंतर्गत रस्ता आखला, विभाग त्याला फांद्यांसारखे जोडले आणि प्रत्येक फांदीचे टोक मोकळे ठेवले, म्हणजे शेवटची भिंत काढून ती पुढे नेता यावी. आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डाच्या टोकाला काय असते ते आठवून पाहा: संडास, जिना, पाण्याची टाकी, म्हणजे हलवायला सर्वांत अवघड गोष्टी. वीक्स यांचे गणित सगळेच जुळले असे नाही. वाढ ठरवलेल्या टोकांनाच झाली असेही नाही. रुग्णालयाशी जोडलेले वैद्यकीय संशोधन केंद्र १९९० च्या दशकात बंद झाले आणि १९९५ मध्ये मध्य लंडनचे सेंट मार्क्स रुग्णालय याच आवारात आले. ही उलथापालथ १९६० च्या दशकात कोणी वर्तवू शकले नसते. टीकाकार इथेच म्हणतात की लवचीकतेचा सगळा खटाटोप वाया गेला. मला नेमके उलटे वाटते. भाकीत चुकणार हेच वीक्स यांचे भाकीत होते.

या विचाराची अधिक शिस्तबद्ध आवृत्ती स्वित्झर्लंडमध्ये सापडते. बर्न शहरातले इन्सेल रुग्णालय १३५४ सालचे. तिथे आयसीयू, कॅज्युअल्टी आणि शस्त्रक्रिया यांच्यासाठी नवी इमारत बांधायचे ठरले, तेव्हा कँटनच्या, म्हणजे तिथल्या प्रांताच्या, बांधकाम खात्याने कामाचे तीन वेगळे भाग केले. पहिल्या भागात फक्त सांगाडा, बाह्य आवरण आणि नळ्या-तारांचे मुख्य उभे मार्ग. याचे आयुष्य शंभर वर्षे धरले. दुसऱ्यात आतल्या भिंती, छत, वाहिन्या; आयुष्य सुमारे वीस वर्षे. तिसऱ्यात यंत्रे आणि फर्निचर, ते त्याहून कमी. तिन्हींसाठी वेगळी निवड, वेगळे वास्तुरचनाकार, आणि नियम असा की नंतरच्याने आधीच्याला धक्का लावायचा नाही. सांगाडा आखणाऱ्यांना कोणता विभाग कुठे येणार हे मुद्दाम सांगितले नव्हते. त्यांनी ८.४ मीटर अंतरावर खांब ठेवले आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्ये ३.६ मीटर बाय ३.६ मीटरचा स्लॅबचा तुकडा असा आखला की उद्या तो कापून काढला तरी इमारतीच्या ताकदीला बाधा येऊ नये. तिथून जिना नेता येतो, लिफ्ट नेता येते, उजेडाचा चौक काढता येतो. एक्स-रे, एमआरआय, कॅथलॅब यांची यंत्रे दहा-पंधरा वर्षांत बदलतात; रेडिएशनच्या उपचारासाठी तर दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात आणि आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची नकाशाला मंजुरी मिळाल्याशिवाय त्या बांधताही येत नाहीत. अशी न हलणारी खोली भविष्यातल्या वाढीच्या वाटेत बसवली की ती वाट कायमची बंद होते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. स्वित्झर्लंड श्रीमंत आहे, आपल्याकडे आज रुग्ण जमिनीवर झोपतो. उद्याच्या कल्पनेसाठी आज पैसा का अडकवायचा? पण मोकळीक म्हणजे रिकामे मजले बांधून ठेवणे असे कोणी म्हणत नाही. मजल्याची उंची थोडी जास्त, नळ्यांच्या शाफ्टमध्ये एक जास्त नळी मावेल इतकी जागा, ऑक्सिजनच्या मुख्य वाहिनीला झडप लावून सोडलेला एक फाटा, वीज उपकेंद्रात आणखी एका ट्रान्सफॉर्मरची जागा आणि वॉर्डाच्या टोकाला जिन्याऐवजी काढता येणारी भिंत. हे सगळे बांधतानाच केले तर किरकोळ खर्चाचे असते आणि नंतर करायचे तर चालता विभाग बंद ठेवावा लागतो. गरीब राज्याला दोनदा बांधणे परवडत नाही, म्हणून खरे तर ही काळजी गरिबाने श्रीमंताहून जास्त घ्यायला हवी.

दुसरा आक्षेप असा की जुन्या गर्दीच्या आवारात ठिगळे लावण्यापेक्षा गावाबाहेर नवे रुग्णालय बांधावे. कधीकधी हे योग्यच ठरते. गोव्यात १८४२ पासूनचा वारसा सांगणारे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय पणजीतून बांबोळीच्या पठारावर गेले, आणि मांडवीकाठच्या त्याच्या जुन्या वास्तूत आता इफ्फी या चित्रपट महोत्सवाची लगबग असते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये ८० खाटांनी सुरू झाले आणि त्याच परिसरात वाढत सहाशेच्या पुढे गेले. मात्र संशोधन आणि उपचारांचे मोठे केंद्र त्यांनी खारघरला नेले, म्हणजे एकाच संस्थेने दोन्ही मार्ग वापरले. परळला ठेवले ते का, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. रुग्ण लोकलच्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाटेवर येतो. आसपास धर्मशाळा, रक्तपेढ्या, औषधांची दुकाने आणि शेजारच्या केईएमसारखी रुग्णालये असतात. गावाबाहेरच्या प्रशस्त इमारतीपर्यंत एसटी जात नसेल, तर तिथली खाट कागदावरच राहते. जागा बदलायची तर ओपीडीच्या रुग्णाचे दिवसाचे भाडे किती वाढेल, हा आकडा बांधकाम खर्चाशेजारी लिहिला पाहिजे.

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा: तुटवडा माणसांचा आहे, नकाशांचा नाही. पहिला भाग निर्विवाद. पण किती माणसे लागतील हे काही अंशी नकाशाच ठरवतो. ज्या टेबलावरून सिस्टरला सगळ्या खाटा दिसतात तिथे एक सिस्टर जे करते, ते दोन वळणांच्या वॉर्डात दोघींनाही जमत नाही. औषधांची खोली एका टोकाला, घाणीची खोली दुसऱ्या टोकाला आणि लिफ्ट तिसऱ्या इमारतीत असेल तर वॉर्डबॉयची निम्मी ड्युटी चालण्यात जाते. पदे मंजूर व्हायला मंत्रालयात वर्षे लागतात, चालणे मात्र नकाशावर पेन्सिलीने कमी करता येते. त्यासाठी नकाशा मंजूर होण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टर, ओटीचे कर्मचारी, गॅस आणि विजेचे तंत्रज्ञ यांना तो समजावून त्यांची लेखी मते घेतली पाहिजेत. आज हा नकाशा बहुधा अधिष्ठाता, वास्तुरचनाकार आणि बांधकाम खाते यांच्यापुरता फिरतो.

सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महापालिका यांच्याकडे एक मागणी करायला हरकत नाही, आणि तिला नवा निधी लागत नाही. प्रत्येक विस्ताराचे काम संपल्यावर प्रत्यक्षात झालेल्या बांधकामाचे नकाशे, भिंतीत आणि जमिनीखाली गेलेल्या प्रत्येक नळी-तारेसह, रुग्णालयाच्या ताब्यात द्यावेत आणि ते मिळाल्याखेरीज कंत्राटदाराचे अखेरचे बिल काढू नये. पुढच्या विस्ताराला पहिला कागद तोच लागणार आहे.